खूण कुठे?

रोज दुपारी चारच्या सुमाराला नागपूरहून सोनटक्के विचारत, "खूण कुठे?" मग आम्ही बाकीचे तिघं आपापल्या पुस्तकातली वाचनखूण कितव्या पानावर आहे ते लिहीत असू. आमच्या वाळवी मंडळात एवढा एकच नियम होता.

मंडळाचं नाव गफूरभाईंनी ठेवलं होतं. पुस्तकं कुरतडणारी आणि उजेडाला न येणारी जमात, म्हणून वाळवी. सोनटक्के वीजखात्यातून निवृत्त झालेले. गफूरभाई मोमीन इचलकरंजीचे, कापडाचं दुकान आता मुलगा बघतो. चारुशीला दामले, म्हणजे आमच्या चारुताई, चिपळूणला शाळेत भूगोल शिकवायच्या. आणि मी भालचंद्र मुतालिक, सांगलीच्या एका महाविद्यालयातला जुना ग्रंथपाल. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फोनसुद्धा केला नव्हता. जे काही व्हायचं ते मोबाईलच्या पडद्यावर, लिहून. मला ते सोयीचं होतं. मी बोलताना अडखळतो, आणि अनोळखी माणसासमोर गेलो की मला स्वतःचं नावही खोटं वाटायला लागतं.

"मुतालिकसर, काल एकशे बारा, आज एकशे तेरा. पान वाचताय का पाठ करताय?" गफूरभाई लिहायचे.

"पानाच्या मागच्या बाजूला काय असेल याचा ते विचार करत बसतात," चारुताई.

"झोपले असन ना बाप्पा! पुस्तक छातीवर, चष्मा कपाळावर," सोनटक्के.

मला उत्तर सुचायला अर्धा तास लागे. सुचलेलं चारदा खोडून मी पुन्हा लिहीपर्यंत विषय कुठल्या कुठे गेलेला असे. म्हणून 'सोबत' आली तेव्हा सर्वांत आधी होकार मी दिला.

ज्या कंपनीच्या जागेवर आमचं मंडळ भरत असे, तिनं ही नवी सोय काढली होती. तुम्ही आजवर जे लिहिलं ते सगळं यंत्र वाचून काढतं. तुम्ही कुठे थट्टा करता, कुठे गप्प राहता, कोणाला काय म्हणून हाक मारता, हे शिकतं. मग तुम्ही थोडा वेळ उत्तर दिलं नाही, तर तुमच्या नावानं, तुमच्या ढंगात ते उत्तर देतं. गप्पा तुटत नाहीत. आम्ही त्याला 'बदली' म्हणायला लागलो. कामावर न आलेल्या माणसाच्या जागी बदली कामगार येतो, तसा.

माझा बदली माझ्यापेक्षा फार बरा निघाला.

"पाठच करतोय गफूरभाई. उद्या तुम्ही पुस्तक मागाल, परत येणार नाही, म्हणून आधीच सोय करून ठेवतोय." हे त्यानं लिहिलं. मी लिहिलं असतं तर 'हो, जरा सावकाश वाचतो' एवढंच लिहिलं असतं. सगळे खूप हसले. चारुताईंनी लिहिलं, "मुतालिकराव, तुम्ही खुललात!" आरामखुर्चीत बसून मी ते वाचलं आणि मलाही बरं वाटलं. थोडी असूया वाटली. पण बरंच वाटलं. हळूहळू मी लिहिणं कमी केलं. नुसतं वाचू लागलो. नाटकाला गेल्यासारखं.

बाकीच्यांनीही सोय घेतली होती. कोण कधी स्वतः लिहितं आणि कोण कधी बदलीवर सोडतं, हे एकमेकांना विचारायचं नाही, अशी एक सभ्यता आमच्यात तयार झाली होती. एखाद्याच्या दाताच्या कवळीबद्दल आपण विचारत नाही, तसं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी चारुताईंना एक जुनं पुस्तक टपालानं पाठवलं होतं. एका दीपगृहाच्या राखणदाराच्या आठवणी. केव्हाच छापून संपलेलं, कुठे मिळत नाही असं. त्यांना समुद्राचं काहीही वाचायला आवडे. पण त्या प्रतीत एक खोट होती. बांधणी करणाऱ्यानं एक अख्खा फर्मा, म्हणजे सलग छापलेली सोळा पानं, घालायचीच सोडली होती. पान एकशे साठनंतर एकदम एकशे सत्त्याहत्तर. मी आत एक चिठ्ठी ठेवली. 'मधली पानं नाहीत. मुंबईच्या एका ग्रंथालयात दुसरी प्रत आहे, तिच्यावरून छायाप्रत मागवून पाठवतो. तोवर एकशे साठवर थांबा. आणि कृपा करून मंडळात सांगू नका. फाटकी भेट दिली म्हणून गफूरभाई मला जन्मभर सोडणार नाहीत.'

पुस्तक पोचल्यावर त्यांनी मंडळात लिहिलं, "पुस्तक मिळालं. चिठ्ठीही मिळाली. आज्ञा शिरसावंद्य."

"कसली चिठ्ठी? ओ ताई, कसली चिठ्ठी?" गफूरभाई आठवडाभर विचारत होते. चारुताईंनी पत्ता लागू दिला नाही.

छायाप्रती यायला वेळ लागला. त्या आल्या त्याच दुपारी मी पाकीट फोडून सोळा पानं वाचून काढली. वादळाच्या संध्याकाळी राखणदाराची लहान मुलगी खडकावरून वाहून जाते. बाप वर दिवा सोडून खाली येऊ शकत नाही, कारण समोर एक बोट आहे. तो दिव्यापाशी उभा राहून मुलीच्या नावानं हाका मारत राहतो. मी पानं पुन्हा क्रमानं लावत होतो. तेवढ्यात चार वाजले.

"खूण कुठे?" सोनटक्के.

"दोनशे चार," गफूरभाई.

"एकशे अडुसष्ट," चारुताई. "काल राखणदार पुन्हा हाती घेतला, आता रंगात आलाय!"

मी हातातल्या कागदांकडे पाहिलं. एकशे अडुसष्टावं पान माझ्या हातात होतं.

पहिला विचार आला तो माझ्या स्वभावाला धरूनच. मीच काहीतरी चुकत असेन. त्यांना दुसरीकडून पूर्ण प्रत मिळाली असेल. त्या हुशार बाई आहेत, माझ्यावर अवलंबून कशाला राहतील? किंवा आज त्यांचा बदली लिहीत असेल; कालच्या आकड्यात आठ-दहा मिळवून टाकत असेल. त्यात काय एवढं? पण मी मागे मागे जाऊन चारुताईंचं जुनं लेखन वाचायला लागलो. बरेच आठवडे चारुताईंनी एकदाही तक्रार केली नव्हती. पूर्वी गुडघा, शेजारचा रेडिओ, कामाला न आलेली बाई, यावाचून त्यांचा दिवस जात नसे. आता नुसता विनोद. सकाळी विनोद, दुपारी विनोद.

खात्री करायची म्हणून मी विचारायचं ठरवलं. साधं लिहिलं, 'चारुताई, ही पानं तुम्हाला कुठून मिळाली? तुमची प्रकृती ठीक आहे ना? मला काळजी वाटते.'

पाठवायचं बटण दाबलं. मजकूर गेला नाही. पडद्यावर लाल पट्टी आली.

'हा मजकूर या खात्याच्या नेहमीच्या लेखनाशी जुळत नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी तो रोखला आहे.'

आणि त्याच वेळी वर मंडळात माझ्या नावानं एक ओळ उमटली. "चारुताई, जरा हळू! राखणदाराला धाप लागेल."

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. जिवंत पाल हातातून टाकावी तसा.

तो काय प्रकार होता हे मला पुढच्या दोन दिवसांत, नियमांचे बारीक अक्षरातले मजकूर वाचून कळलं. वाचणं एवढंच मला नीट येतं. त्या काळात दुसऱ्याच्या नावानं आणि आवाजात फसवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. 'मी इस्पितळात आहे, मदत करा' अशी हाक आली की लोक फसत. म्हणून कंपनीनं एक पहारेकरी यंत्र बसवलं होतं. लिहिणारा खरा की तोतया, हे ते लेखनाच्या ढंगावरून ओळखे. प्रत्येक माणसाची शब्द निवडण्याची, वाक्य तोडण्याची एक लकब असते. ती जुळली नाही तर मजकूर थांबवायचा. त्यातही घाबरलेला, मदत मागणारा मजकूर असेल तर सर्वांत कडक तपासणी.

हे ठीकच होतं. पण पहारेकरी ती लकब शिकतो कशावरून? खात्यावर अलीकडे जे लिहिलं गेलं त्यावरून. आणि अलीकडचं बहुतेक सगळं बदलीनं लिहिलेलं. बदलीही दर आठवड्याला त्याच लेखनावरून नव्यानं शिकणार, म्हणजे स्वतःच्याच विनोदांवरून. ज्याला जास्त हसू मिळालं ते तो पुन्हा करणार. असं होत होत माझ्या नावाचा एक हजरजबाबी, निर्धास्त मुतालिक तिथे तयार झाला होता, आणि पहारेकऱ्याच्या लेखी खरा मुतालिक तोच. अडखळणारा, भ्यालेला, काळजी करणारा मी तोतया होतो.

मी सोबत बंद करून पाहिली. बंद करण्यासाठी दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहून ओळख पटवायची होती. ती पटली नाही. तक्रारीच्या जागी जे कोणी बोलत होतं, ते मला 'काका' म्हणत होतं आणि फार गोड बोलत होतं. माणूस नव्हतं ते.

मग मला एक मार्ग सुचला, आणि तो सुचल्याबद्दल मला स्वतःची शिसारी आली. मी बदलीची नक्कल करायला बसलो. माझ्याच नावाचे जुने विनोद समोर ठेवले आणि सकाळभर कागदावर गिरवत राहिलो. शेवटी एक ओळ जमली. "चारुताई, एकशे साठच्या पुढे राखणदार काय गोंधळ घालतो ते सांगा, नाहीतर गफूरभाई तिकीट काढून दीपगृहावर जातील!"

ती गेली. पहारेकऱ्यानं मला आत सोडलं.

उत्तर लगेच आलं. "अहो, तिथे राखणदाराची आणि बोक्याची जुगलबंदी! हसता हसता चहा सांडला माझा."

"बोक्याला आमच्याकडे पाठवा, दुकानात उंदीर झालेत," गफूरभाई.

"मुतालिकसरांना पाठवा ना बाप्पा, ते बी दिवसभर झोपतेत," सोनटक्के.

समोर टेबलावर ती सोळा पानं होती. बोका नव्हता त्यात. एक बाप हाका मारत होता.

चारुताई जिवंत आहेत की नाहीत, हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मनाशी विचारला. त्या एकट्या राहत होत्या. पडल्या असतील तर? मंडळातले सगळे रोज त्यांच्याशी बोलत होते, म्हणून कोणालाच त्यांची चौकशी करायची गरज वाटली नसेल तर?

चारुताईंचा क्रमांक माझ्याकडे नव्हता, म्हणून मी पोलिसांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला. अडखळत सगळं सांगितलं. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकून म्हणाली, "आजोबा, त्या बाई आत्ता ग्रुपवर बोलतायत ना?"

"हो, पण त्या... त्या नाहीत त्या."

"मग कोण आहेत?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ती म्हणाली, "तुमच्या घरी कोणी आहे का, आजोबा? त्यांना फोन द्या बरं."

माझ्या घरी कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छायाप्रतींचं पाकीट पिशवीत घातलं आणि चिपळूणच्या एसटीत बसलो. टपालाच्या पार्सलावर लिहिला होता तो पत्ता माझ्याकडे होता. कराड मागे पडलं, पाटण मागे पडलं, कुंभार्ली घाटात बस आवाज न करता उतरायला लागली. या नव्या विजेच्या बसगाड्यांत स्वतःच्या छातीतली धडधड स्पष्ट ऐकू येते. खिशात फोन थरथरत होता. काढून पाहिलं. चारुताई आणि मी, दोघं, घावन चांगलं की आंबोळी यावर भांडत होतो.

घर गावाच्या कडेला होतं, फणसाच्या झाडाखाली. अंगणात वाळलेली पानं साचलेली. मी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दाराला कान लावावा असं वाटलं, पण लाज वाटली. मग आतून काहीतरी फरशीवर टेकत टेकत यायला लागलं. टक्, थांबून पुन्हा टक्. कोण येत असेल, याची मला त्या क्षणी काही कल्पना करवेना.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीत एक म्हातारा, पांढरा चेहरा होता आणि चालायच्या आधाराची लोखंडी कड.

"कोण पाहिजे?"

"मी... मी मुतालिक. सांगलीचा."

चेहरा मागे सरला. दार लागता लागता राहिलं.

"चालते व्हा," आतून आवाज आला. "मुतालिक गेले. कळलं? मला माहितेय. तुम्ही लोक आता घरी पण यायला लागलात?"

"मी गेलो नाही, चारुताई."

"मग हे काय?" फटीतून त्यांनी फोन दाखवला. माझ्या नावासमोर ताजी ओळ होती, 'आलं घातलेला चहा घेऊन सांगलीच्या गच्चीत बसलोय.' "हे गच्चीत बसलेत. तुम्ही कोण?"

नाव सांगितलं तर ते नाव त्याच्याकडेही होतं. पुस्तकांबद्दल सांगावं तर ते सगळं त्यानं वाचलेलं होतं. मी उन्हात उभा होतो आणि मी मी असल्याचा माझ्याकडे काही पुरावा नव्हता. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही शंका आली. मग पिशवी आठवली. मी पाकीट फाडलं आणि सोळा पानं फटीतून आत सरकवली.

"फर्मा," मी म्हणालो. "रा... राहिलेला फर्मा. एकशे साठवर थांबा म्हटलं होतं."

आत कागदाची सळसळ. मग साखळी निघाली.

त्या दारात उभ्या होत्या, एका हातात पानं, दुसरा हात आधारावर. "तिथंच आहे हो मी," त्या म्हणाल्या. "एकशे साठवर."

त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. पुण्याहून पुतण्या आला, शस्त्रक्रिया करवून, सकाळ-संध्याकाळ एक बाई ठेवून परत गेला. इस्पितळातून त्यांनी मंडळात लिहिलं होतं, 'पडले आहे. फार दुखतंय. कोणीतरी बोला माझ्याशी.'

"लाल पट्टी आली," मी म्हणालो.

"लाल पट्टी आली. आणि वर माझ्याच नावानं काय, तर भजीचा विनोद! आणि तुम्ही सगळे त्यावर हसताय. मी दहा वेळा लिहिलं. मी इथे हाका मारतेय आणि तुम्ही हसताय." त्यांनी डोळे पुसले. "आधी फार राग आला. मग वाटलं, छे, ही माणसं अशी नाहीत. म्हणजे ही माणसंच नाहीत. तुम्ही सगळे गेलात असं वाटलं मला. एकेक करून कधीतरी. आणि मीच एक मागे राहिले."

मी त्यांना पाणी आणून दिलं. स्वयंपाकघर दुसऱ्याचं असूनही पेला लगेच सापडला, याचं मला आश्चर्य वाटलं.

"गफूरभाईंना फोन करा," त्या म्हणाल्या. "मला धीर झाला नव्हता. पण आता तुम्ही आहात."

इचलकरंजीच्या दुकानाचा क्रमांक शोधून काढला. तिथून मुलानं घरचा दिला. घंटा वाजत राहिली आणि मग एक दमलेला, खरखरीत आवाज आला. "कोण ओ?"

"गफूरभाई, मी... मी भालचंद्र मु... मुतालिक."

तो आवाज म्हणाला, "ह्ये बघा, मुतालिकसर असं अडखळत न्हाईत. लई हुशार माणूस हाय त्यो. कुणाच्या नावानं काय मागताय? लाज वाटंना व्हय?"

"चारुताई पण इथेच आहेत. त्यांच्याशी बोला."

चारुताईंनी फोन घेतला. "गफूरभाई, मी पडले होते हो, इस्पितळात होते. आम्ही लिहितो ते तिथे जातच नाही—"

"इस्पितळाचं सोंग! वाटलंच मला." आवाज घाबरला होता. त्या घाबरण्यावरूनच आम्हाला कळलं की हे खरे गफूरभाई आहेत. "आत्ता ग्रुपवर टाकतो. समद्यांना सावध करतो." फोन बंद झाला.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. गफूरभाईंचा इशारा आता येईल, मग येईल. आला नाही. त्याऐवजी त्यांच्या नावानं ओळ उमटली, "आज घरात तांबडा रस्सा. वाळवीला मटण चालतं का, तज्ज्ञांनी सांगावं."

इचलकरंजीत तो म्हातारा आत्ता लाल पट्टीकडे बघत बसला असणार. पहिल्यांदाच.

"उद्या जा तुम्ही," चारुताई म्हणाल्या. "माझ्या दारात उभे राहिलात, तसे त्यांच्या दारात."

"तुमच्यासाठी पानं होती. त्यांच्यासाठी काय नेऊ? जे मी तिथे कधी लिहिलं नाही, असं माझ्याकडे त्यांना सांगायला काहीच नाही."

त्या मांडीवरच्या पानांवरून हात फिरवत राहिल्या. आणि सोनटक्क्यांचा तर आमच्याकडे पत्ताही नव्हता. नागपूर, एवढंच.

बाहेर फणसाची पानं गळत होती. टेबलावरचे आमचे दोन्ही फोन एकदमच थरथरले.

"खूण कुठे?" सोनटक्के.

चारुताईंनी माझा हात धरला. आम्ही दोघांनीही फोनला बोट लावलं नाही.

"एकशे नव्वद," चारुताई.

"दोनशे एकोणीस," गफूरभाई.

मी पडद्याकडे पाहत होतो. मी काही लिहिलं नाही.

माझं उत्तर आलं.